गाभोळीची पाटी

पापलेटाचं पोट कसं फाडायचं हे कौसल्या गमरेने सात वर्षांत चार पुरुषांना शिकवलं, आणि ते चौघेही एकेक करून तिचे साहेब झाले.

पहिल्याला मासा हातात धरवत नव्हता. दुसऱ्याने नर कुठला आणि मादी कुठली यात तीन महिने घोळ घातला. तिसऱ्याला फॉर्मलीनच्या वासाने शिंका यायच्या, म्हणून त्याच्या वाटच्या बरण्यासुद्धा कौसल्यानेच भरल्या. चौथा सबनीस. गिरगावातल्या चांगल्या घरचा, गोरा, गोड बोलणारा मुलगा. पहिले सहा महिने तिच्यामागे 'ताई, हे कसं? ताई, ते कसं?' करत फिरला. एका सोमवारी तो सहायक संशोधन अधिकारी होऊन आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मिस गमरे, जरा त्या काचपट्ट्या आणा." कौसल्याने काचपट्ट्या आणल्या. आणताना तिच्या मनात काय चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सरकारी सागरी संशोधन केंद्र गिरगावात, चौपाटीपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या दुमजली इमारतीत होतं. कौसल्या तिथे प्रयोगशाळा सहायक होती. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली ती पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. कॉलेजात तिने प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आई कमळाबाईने विचारलं होतं, "म्हंजे जनावरांची डाक्टरीण होनार का तू?" डॉक्टरीण काही ती झाली नाही, पण मासा नुसता उलटा धरून त्याच्या पोटातली अंडी पिकली आहेत की कच्ची आहेत हे ती सांगायची, आणि केंद्रात असं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. तिथे पाण्याचा माठ एकच होता, तोही सरकारी. तरी कौसल्याचा पेला खिडकीत वेगळा उपडा घातलेला असायचा. तो तिथे कोणी ठेवायला सांगितला नव्हता, आणि तिथून उचलायलाही कोणी सांगितलं नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. पापलेटाच्या सर्वेक्षणाचं प्रमुखपद. मुंबईच्या किनाऱ्याजवळ पापलेट कुठल्या महिन्यांत अंडी धरतं हे शोधायचं ते काम. ते कळलं तर त्या महिन्यांत बारीक जाळ्यांना आळा घालता येईल आणि मासळी टिकेल, असा सगळा हेतू. पाच वर्षं हे सर्वेक्षण चाललं होतं आणि त्यातला प्रत्येक मासा कौसल्याच्या सुरीखालून गेला होता. सत्तावन्न साली जुने प्रमुख दिल्लीला बदलून गेले, खुर्ची रिकामी झाली, आणि कौसल्याने अर्ज केला. वरच्या जागेसाठी केलेला हा तिचा तिसरा अर्ज.

अर्ज केंद्राचे मुख्य, डॉक्टर देवस्थळी, यांच्यापुढे गेला. देवस्थळी वाईट माणूस नव्हता, असं सगळे म्हणत. विलायतेत शिकलेला, हळू बोलणारा, शिपायालाही 'अहो' म्हणणारा. याच गोष्टीचा कौसल्याला जास्त संताप यायचा. आरडाओरडा करणाऱ्याशी भांडता येतं. हा माणूस चष्मा पुसत पुसत नाही म्हणायचा.

"मिस गमरे, नियम माझा नाही," ते म्हणाले. "प्रमुखाला समुद्रावरचा तीस दिवसांचा अनुभव हवा. तुमच्या नोंदवहीत एकही दिवस नाही."

"मला लाँचवर जाऊच दिलं जात नाही, सर. दिवस कुठून येणार?"

"खलाशी कोळी आहेत. बाई बोटीवर आलेली त्यांना चालत नाही. त्यांची श्रद्धा आहे ती. आपण शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या श्रद्धा पायदळी तुडवायच्या का?"

ती बाहेर आली. बाहेर सबनीस आपल्या बत्तीस दिवसांबद्दल कोणाला तरी सांगत होता. केंद्राच्या लाँचवरचे हे बत्तीस दिवस कसे गेले ते कौसल्याला ठाऊक होतं. लाँचवरून पाण्याचे नमुने घ्यायचे, पाण्याचं उष्णतामान मोजायचं. मासे सगळे किनाऱ्यावरूनच यायचे. आणि सबनीसाला लाँच लागायची. बत्तीसपैकी निम्मे दिवस तो कठड्यावर ओणवा होऊन ओकत होता. ते ओकणंसुद्धा अनुभवात जमा झालं होतं.

त्यात दिवस असे, की मुंबईत ज्याच्या त्याच्या तोंडी हक्काची भाषा. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! केंद्रातले सगळे बाबू संध्याकाळी सभेला जायचे आणि सकाळी घसा बसवून यायचे. कौसल्याही मोर्चाला जायची, चाळीतल्या बायकांबरोबर. छपन्नच्या जानेवारीत डाव्या खांद्यावर पोलिसाची लाठी बसली, तो खांदा अजून थंडीत धरायचा. त्याच आठवड्यात देवस्थळी चहाच्या वेळी सगळ्यांना म्हणाले होते, "आपल्याच मुंबईत आपल्याला कोणी परकं ठरवावं, हा अन्याय माणसाने का सहन करावा?" सगळ्यांनी माना हलवल्या. कौसल्या दुखऱ्या खांद्याने बरण्या उतरवत होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. आपल्याला बाई म्हणून अडवतात की गमरे म्हणून, हे शोधत बसायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. मार दोन्हींचा एकाच पाठीवर पडत होता.

त्या तिसऱ्या नकाराच्या दिवशी ती घरी आली ती पायातल्या चपला भिरकावतच. तिचे वडील कोंडीराम पहिल्या पाळीहून येऊन खाटेवर टेकले होते. लेकीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. तीस वर्षं ते गिरणीत रिंगखात्यात, सूत कातायला होते. सांचेखात्यात, म्हणजे विणकामाला, पगार चांगला, पण तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि यांच्या तोंडचा धोटा दुसरा विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून सांचेखात्याचं दार यांच्या लोकांना बंद, आणि ते बंद ठेवायचा तिथला मुकादम, म्हणजे जाबर.

"जाबर म्हनायचा, माजं काय नाय, इनकरांना चालत नाय," कोंडीराम म्हणाले. "मी कधी इनकरांना जाऊन इचारलं नाय. इचारलं असतं तर नायच म्हनाले असते, ते मला म्हाईत हाय. पन माज्या तोंडावर म्हनाले असते. तीस वर्सं मी दुसऱ्याच्या तोंडचं नाय ऐकत ऱ्हायलो." मग कूस बदलत ते म्हणाले, "तू इचारलंस का त्या खलाशांना?"

कौसल्याने विचारलं नव्हतं. सात वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता आलं तेव्हा तिला आधी स्वतःचाच राग आला.

रविवारी सकाळी ती बसने माहीमला गेली. लाँचवरचा खलाशी लवू माहीमच्या कोळीवाड्यात राहायचा एवढं तिला माहीत होतं. तो किनाऱ्यावरच सापडला, जाळं शिवत बसलेला. शेजारी त्याची थोरली वहिनी गुणवंती मासळी निवडत होती. पन्नाशीची, काळीसावळी, आवाज असा की लिलाव पुकारायला लागली की पलीकडच्या आळीतलं माणूस जागं व्हावं. तिचा नवरा जगन तांडेल होता, स्वतःच्या होडीचा मालक.

कौसल्याने सरळ विचारलं, "लवूदादा, मी लाँचवर आले तर तुम्हाला चालणार नाही का?"

लवूने सुई थांबवली. "मला? मला कोनी इचारलं?"

"साहेब म्हणतात, तुमची श्रद्धा आहे."

गुणवंती मासळी तशीच टाकून हसायला लागली. हसता हसता तिचं तोंड कडू झालं. "आमच्या होडीवर बाय चढत नाय, ते खरं हाय. होडी आमची, तिची पूजा आमची, नेम आमचा. पन सरकारच्या लाँचीला आमी कदी नारल दिला गो? ती लोखंडाची पेटी. तिच्यावर तू जा, नाय तर तुजा सायब बायको घेऊन जाऊंदे, आमचं काय जातंय?" मग लवूकडे वळून म्हणाली, "बगितलंस? सोताच्या मनातलं आनि नाव आमचं!"

कौसल्याची कानशिलं तापली. सात वर्षं! ती तिथेच वाळूत बसली. आणि बसल्या बसल्या तिची नजर गुणवंतीच्या हातांवर गेली.

होडीतून उतरलेल्या मासळीचा ढीग पुढ्यात होता. गुणवंती एकेक पापलेट उचलायची, अंगठ्याने पोट दाबायची आणि टाकायची. बहुतेक मासे उजवीकडच्या मोठ्या पाटीत पडत होते. मधूनच एखादा डावीकडच्या, ओल्या गोणपाटाने झाकलेल्या पाटीत जायचा. आजूबाजूच्या सगळ्या बायका हेच करत होत्या. न बघता, गप्पा मारत.

"मावशी, ते मासे वेगळे का?"

"ती गाभोलीची पाटी. पोटात अंडी हायत त्यांच्या. ती लिलावात नाय जात."

"मग?"

"घरात कोन पोर बालंतपनाला आली असंल तर तिला. उरली तर ओलकीच्या गिऱ्हायकाला. माज्या सासूच्या सासूपासून हीच रीत."

"आणि आमच्या केंद्राची माणसं नमुन्याचे मासे नेतात, ते कुठून घेतात?"

गुणवंतीने हनुवटीनेच लिलावाच्या जागेकडे खूण केली. "तितून. नाकाला रुमाल लावून येतात, लिलावातली पाटी उचलतात, चालले."

कौसल्या उठून उभी राहिली. आपल्या सुरीखालून पाच वर्षं गेलेले हजारो मासे तिला आठवले. पिकल्या अंड्यांची मादी त्यात जवळपास नव्हतीच. तिने दोनदा देवस्थळींना म्हटलंही होतं, की सर, हे चमत्कारिक वाटतं. देवस्थळींना ते चमत्कारिक वाटलं नव्हतं. त्यांनी त्यावरून शोधच लावला होता: मुंबईच्या किनाऱ्याजवळ पापलेट अंडी धरतच नाही, सबब इथे जाळ्यांवर कसलंही बंधन नको. दोन परिषदांत टाळ्या घेऊन आले होते ते त्यावर. आणि पाच वर्षं अंडीवाली पापलेटं त्यांच्या माणसांच्या पायापासून चार हातांवर, ओल्या गोणपाटाखाली पडून होती. तांडेलाला त्यांनी प्रश्न विचारले होते, खलाशांना विचारले होते, लिलावाच्या दलालाला विचारले होते. मासळी निवडणाऱ्या बाईला विचारावं असं एकाही विद्वानाला सुचलं नव्हतं.

"तुला सांगते," गुणवंती म्हणाली, "मावरं होडीत हाय तवर बाप्याचं. वालूला लागलं की बायकांचं. मग जगनला पन माज्या पाटीतला एक मासा उचलायची सोय नाय. हे काय लपलेलं हाय का? शेंबडं पोर सांगंल."

त्या दिवसापासून कौसल्या दर रविवारी, आणि हप्त्यातून दोनदा कचेरीच्या आधी, माहीमच्या किनाऱ्यावर जायला लागली. बायकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून गुणवंतीनेच तोड काढली. प्रत्येकीने आपला एक पत्र्याचा डबा ठेवायचा. गाभोळीच्या पाटीत एक मासा पडला की डब्यात एक शिंपला, आणि मोठ्या पाटीत वीस पडले की एक खडा. हप्त्याच्या शेवटी कौसल्या सगळे डबे मोजायची आणि वहीत उतरवायची. थोडे मासे ती तिथेच उघडून बघायची, अंड्यांची वाढ लिहायची, आणि गाभोळी जशीच्या तशी परत द्यायची. नासाडी केलेली गुणवंतीला खपत नसे.

पावसाळ्याचे बंद महिने सोडले तर असे दोन हंगाम गेले. कमळाबाईने डोक्याला हात लावला. खाटेखाली शिंपले, लुगड्याला वास, आणि मुलगी तिशीला आलेली. "बगाय आलेले लोक दारातनंच परत जातील," ती म्हणायची. कौसल्या म्हणायची, "जाऊ देत." वही जसजशी भरत गेली तसतसा तिचा राग वाढतच गेला, कारण देवस्थळींच्या अहवालात ज्या महिन्यांपुढे शून्य होतं, त्याच महिन्यांत डबे शिंपल्यांनी काठोकाठ भरत होते.

एकोणसाठच्या जूनमध्ये तिने वही देवस्थळींच्या टेबलावर ठेवली. त्याआधी कमलने वहीची अख्खी नक्कल उतरवून घेतली होती. कमल लालबागची, वीस वर्षांची. सकाळचं कॉलेज करून बरण्या धुण्याच्या कामावर नुकतीच लागलेली. "ताई, साहेबांकडे गेलेली वही परत येत नाही," तिने तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं. दोन महिन्यांत मुलीला कचेरी बरोबर कळली होती.

देवस्थळींनी वही चाळली. पहिल्या चार पानांवरच त्यांचा चेहरा उतरला. ते कौसल्याने पाहिलं, आणि तिला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल. त्यांनी चष्मा काढला.

"शिंपल्यांना शास्त्र म्हणत नाहीत, मिस गमरे. अडाणी बायकांनी डब्यात काय टाकलं, याला आधार काय?"

"तुमच्या शून्याला काय आधार होता, सर?"

चष्मा पुसणारा रुमाल थांबला. "वही ठेवा इथे. सवडीने बघतो."

सवड त्यांना लवकरच झाली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, आणि केंद्राच्या फळ्यावर एक कागद लागला: पापलेटाच्या अंडी धरण्याविषयी नवे सर्वेक्षण, संकल्पना डॉक्टर देवस्थळी, किनाऱ्यावरील काम श्री. सबनीस. कौसल्याने तो तिथेच उभं राहून दोनदा वाचला. मग ती संडासात गेली, दाराला कडी घातली आणि भिंतीवर मूठ आपटली. ती मूठ आठ दिवस सुजलेली होती.

संध्याकाळी तिने हे गुणवंतीला सांगितलं. गुणवंतीने सगळं ऐकलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "वही त्याच्याकडं हाय. मावरं कोनाकडं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस माहीमला आला. पँट दुमडून, रुमाल नाकाला लावून. या खेपेला तो लिलावाकडे गेला नाही, नीट बायकांकडे आला, कुठे यायचं ते वहीत वाचून. त्याने गुणवंतीच्या डावीकडच्या पाटीवर बोट दाखवलं. "ही पाटी आम्हाला पाहिजे."

"ही इकायची नाय."

"सरकारी काम आहे, बाई."

"मंग सरकारला सांग, पाटी नाय म्हनाली."

सबनीस पुढच्या बाईकडे गेला. तिने गोणपाट ओढून घेतलं. त्याच्या पुढच्या बाईने पाटी उचलून मागे ठेवली. अशा अकरा बायका झाल्या. सबनीस जगनकडे धावला. तांडेल होडीच्या कडेला विडी ओढत उभा होता. "वालूला लागलं की माजं नाय," एवढंच जगन म्हणाला, आणि त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. घामाघूम झालेल्या सबनीसाला तेवढ्यात बायकांमध्ये बसलेली कौसल्या दिसली.

"ताई!" तो म्हणाला. "ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना."

"मी मिस गमरे," कौसल्या म्हणाली.

त्या दिवसापासून बायकांनी केंद्राला लिलावातली पाटीसुद्धा दिली नाही. वरळीला सांगावा गेला, कुलाब्याला गेला. तिथे गुणवंतीच्या दोन बहिणी आणि एक सून होती, आणि हातात पाटी त्यांच्याही होती. नमुना हवा असेल तर आमच्या बाईला धाडा, आणि मोठी करून धाडा, हे एकच उत्तर. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. प्रयोगशाळेतल्या थाळ्या कोरड्या पडल्या. सबनीस बाजारातून शिळे मासे आणून कापत बसला. दिल्लीहून अहवाल कुठे आहे म्हणून दोन पत्रं आली. आता महाराष्ट्र वेगळा होणार हे ठरलं होतं, कचेऱ्यांची वाटणी चालली होती, आणि ज्या केंद्राकडे दाखवायला काम नाही ते केंद्र बंद होणार अशी बोलवा होती. देवस्थळी रोज चष्मा पुसत होते. कौसल्याला ते एकदा म्हणाले, "तुम्ही केंद्राचं नुकसान करता आहात." ती म्हणाली, "मी बरण्या धुते आहे, सर. माझ्या हुद्द्यात तेवढंच बसतं."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात देवस्थळी स्वतः माहीमला आले. बूट घालून वाळूत आले. कौसल्या तिथे होतीच.

"हे बघा बाई," ते गुणवंतीला म्हणाले, अगदी आदबीने, "मिस गमरेंना मी कधीच अडवलं नाही. तुमच्याच लोकांच्या श्रद्धेचा मान..."

"आमच्या लोकांचं नाव परत घेऊ नका, सायब." लवू पुढे आला होता. सरकारी नोकरीतला माणूस, आवाज कापत होता त्याचा, तरी बोलला. "मला कदी इचारलं नाय. आता सगल्यांसमोर इचारा. मी सांगतो, बाय आली तर माजी हरकत नाय."

देवस्थळींनी काही विचारलं नाही. गुणवंती उठली. "पाच वर्सं तुमची मानसं हितं उबी ऱ्हायली. मी हितंच बसलेली, हीच पाटी घेऊन. एकानं म्हनलं नाय, बाय, हे काय करतीस? मी काय दगड होते? ही पोर आली, वालूत बसली, तिनं इचारलं. तुमची सगल्यांची बुद्धी हिच्या एका इचारन्यात हाय. आता सांगा, मोठं कोन?"

भोवती बायका गोळा झाल्या होत्या. कोणी ओरडलं नाही. देवस्थळींनी खिशातून रुमाल काढला, पण चष्म्याला लावला नाही, तसाच परत ठेवला आणि ते निघून गेले.

चार दिवसांनी सर्वेक्षणाच्या प्रमुखपदाचा हुकूम आला. कौसल्याने तो उभ्या उभ्या वाचला. 'अन्य योग्य उमेदवार उपलब्ध होईपर्यंत, तात्पुरता कार्यभार.' अन्य योग्य उमेदवार! क्षणभर वाटलं, हा कागद चुरगाळून त्या माणसाच्या टेबलावर फेकावा. मग तिला कोंडीरामांची तीस वर्षं आठवली, आणि तिने कागदाची घडी घातली. ती न ठोठावता देवस्थळींच्या खोलीत गेली.

"सोमवारी पहाटे पाचला लाँच हवी," ती म्हणाली. "सबनीस मला नकोत. कमल येईल. आणि अहवालात गुणवंती आणि तिच्या दहा बायकांची नावं जातील, एकेकीचं पूर्ण नाव."

"नावं घालायची पद्धत नाही, मिस गमरे. फार तर 'मच्छीमार बांधवांचे आभार'..."

"बांधव नव्हते तिथे. नावं नाहीत तर पाटी नाही."

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही होती, हे बघायला कौसल्या थांबली नाही.

रविवारी, एक मेला, नवं राज्य झालं. केंद्राने आदल्या दिवशीच पेढे वाटले होते. देवस्थळींनी छोटं भाषण केलं, आता आपलं राज्य, आता कोणावर अन्याय नाही, आणि सबनीसाने मोठ्याने घोषणा दिली. कौसल्याने पेढा घेतला. झालाच पाहिजे म्हणून तिनेही मार खाल्ला होता. पेढ्यावर तिचा हक्क होता. खिडकीतला आपला पेला उचलून तिने माठाशेजारी, सगळ्यांच्या पेल्यांमध्ये ठेवला, आणि कोणी काही बोलतं का म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. कोणी बोललं नाही.

सोमवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली. लवूने हात दिला, तो न घेता कौसल्या चढली; कमलने मात्र घेतला. खडकाच्या बत्तीपलीकडे, दीपगृह मागे पडल्यावर, कमलला लाँच लागली आणि ती कठड्यावर ओणवी झाली. लवूने तिला लिंबू दिलं. "ताई, मला माफ करा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"ओक," कौसल्या म्हणाली. "पुरुषांचं ओकणं चालतं, तुझंही चालेल."

दुपारपर्यंत त्यांनी नऊ ठिकाणचं पाणी घेतलं, बारीक जाळीत आलेली अंडी काचेच्या नळ्यांत भरली. परतताना कौसल्याने पेटीतून समुद्रावरच्या दिवसांची नोंदवही काढली. तिथे सही सर्वेक्षणाच्या प्रमुखाची किंवा केंद्राच्या मुख्यांची लागायची. सबनीसाच्या बत्तीस दिवसांपुढे देवस्थळींच्या बत्तीस वळणदार सह्या होत्या. तिने नवं पान उघडलं. वर कमलचं नाव घातलं, दिनांक घातला, आणि लिहिलं: दिवस पहिला. खाली सही केली.

मग तिने दुसरं पान उघडलं आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. दहा वर्षांची नोकरी, चार साहेब शिकवून झालेले, पाच वर्षांचं शून्य खोटं पाडून झालेलं, आणि पुढे लिहायचं ते हेच: दिवस पहिला. तिने ते लिहिलं. टाक इतका दाबला गेला की कागद फाटला आणि शाई खालच्या पानापर्यंत गेली. कमलने टिपकागद पुढे केला. कौसल्याने तो घेतला नाही, आणि पानही बदललं नाही.